डांबराखाली पाणी आहे, पण सांगू कुणाला?

मंडळी, आज चांदवडजवळच्या नव्या रस्त्यावर रडारची गाडी ढकलत होतो. रस्ता न फोडता डांबराखाली पाणी मुरलंय का, हे ती दाखवते. वरून रस्ता चकाचक, स्क्रीनवर मात्र रस्त्याखालच्या मोरीजवळ पाणीच पाणी!

साहेबांना फोन केला. म्हणाले, "नुसत्या चित्रावर कोण विश्वास ठेवणार? तिथला तुकडा कापून दाखव."

मी म्हटलं, "मग कापायची परवानगी द्या."

"डोकं फिरलंय का? उद्या इथं नारळ फुटणार, आणि तू नव्या रस्त्याला भोक पाडतोस?"

तेवढ्यात कांद्याचा ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यावरचे काका हसून म्हणाले, "लय भारी रस्ता केला, साहेब. टिकंल ना?"

मी होकारार्थी मान डोलावली. गाडी बाजूला घेऊन त्यांना त्याच मोरीवरून वाट दिली.

तुम्ही काय सांगितलं असतं?