चिबूज की खरबूड?

जगातलं सर्वांत चविष्ट खरबूज तयार करायचं असं मी ठरवलं, तेव्हा मला मेथीसुद्धा पिकवता येत नव्हती.

एकोणीस वर्षं मी सिल्वासाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते आहे. पण शाळेत सगळं पुस्तकात उगवतं, त्याला पाणी घालावं लागत नाही. माझं माहेर गुहागरकडचं, सासर शिरपूरकडचं. नवरा प्रकाश नरोलीला धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. डोकमर्डीत आमचं छोटं रो-हाउस आहे, मागे परसाची एक पट्टी. (पट्टी एवढीच, की एकाला आत जायचं तर दुसऱ्याने बाहेर यायचं.) दोन वर्षांपूर्वी सासरे, म्हणजे तात्या, गाव सोडून आमच्याकडे राहायला आले आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्या घरात खरबुजावरून भांडणं सुरू झाली.

"अनघा, हे काय दिलं?" तात्या पहिल्याच फोडीला थांबायचे.

"खरबूज, तात्या."

"नाही बेटा. हा ओला पुठ्ठा आहे."

तात्यांच्या वडिलांची तापीच्या पात्रात वाळूवर खरबुजाची वाडी होती. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथलं खरबूज कापलं की पलीकडच्या गावातल्या गायी माना वळवून बघायच्या! मग मलाही राहवायचं नाही. मी आमच्या कोकणातल्या चिबडाची, खरबुजाच्या चुलत भावाची, बाजू घ्यायची.

"वास म्हणाल तर चिबडाचा, तात्या! अंगणात ठेवलं तरी घरभर कळतं."

"वास आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण तुम्ही त्यात गूळ टाकून खाता ना?"

"हो. गूळ आणि नारळाचं दूध."

"मग गूळच खा की! चिबडाला कशाला त्रास देता?"

एके दिवशी असंच वाजलं आणि तात्या उठून आत गेले. येताना त्यांच्या हातात तपकिरीची जुनी डबी होती. डबीत खरबुजाच्या अकरा बिया. "आमच्या वाडीतल्या," ते म्हणाले. "वाडी गेली, वाळू गेली. एवढ्या राहिल्या." मग बराच वेळ ते डबीचं झाकण लावत राहिले. ते लागत नव्हतं.

मला एकदम भरून आलं. आणि मला भरून आलं की मी घोषणा करते. (हा आमच्या घराण्यातला दोष आहे.)

"तात्या! आपण संकर करू! तुमच्या खरबुजाची गोडी आणि माझ्या चिबडाचा वास, एकाच फळात! त्याचं नाव चिबूज!"

"चिबूज कशाला? खरबूड म्हण."

"खरबूड हे शिवीसारखं वाटतं."

"आणि चिबूज काय औषधासारखं!"

"आधी उगवू द्या," प्रकाश म्हणाला. पण त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? आम्ही बारशापर्यंत पोचलो होतो!

आईने चिबडाच्या बिया कुरियरने पाठवल्या आणि मागोमाग फोन केला. "अगो, चिबूड पावसात लावतात. जानेवारीत कोण लावतं?"

"संशोधक लावतात, आई."

प्रकाशने कारखान्यातून निळी पिंपं आणून अर्धी कापून दिली. चिबडाच्या चार बिया लावल्या, चारही तरारून आल्या. तात्यांच्या अकरातली एकच उगवली. तात्या रोज सकाळी त्या एका रोपासमोर स्टूल टाकून बसायचे, जसं कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसावं. मार्चमध्ये त्याला फुलं आली. मी आनंदाने ओरडलेच! मग नीट पाहिलं. सगळी नर.

आता हे सासऱ्यांना कसं सांगायचं?

"तात्या, फुलं आलीत, पण ती... म्हणजे... सगळे पुरुष आहेत."

तात्या खोकले.

"फळ फक्त त्या... दुसऱ्या फुलांना धरतं. चिबडाला तशी फुलं आलीत. तर यांचा पराग घेऊन मी त्यांच्यावर..."

तात्या इतक्या जोरात खोकले की प्रकाश पाणी घेऊन धावत आला. "तात्यांसमोर काय बोलतेस!" तो कुजबुजला.

"आमच्याकडं हे काम माश्या करत," तात्या आकाशाकडे बघत म्हणाले. "आम्ही तिकडं बघत नसू."

पण करणं भाग होतं. रोज सकाळी सहाला आंघोळ करून, ओले केस बांधून मी परसात जायची. नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या, चिबडाच्या मादी फुलावर ते हलकेच फिरवायचं. मग माश्यांनी त्यात लुडबुड करू नये म्हणून त्या फुलाला छोटी पिशवी घालायची. (नणंदेच्या लग्नातल्या सुपारीचे जाळीदार बटवे असे कामी आले.) आणि खूण म्हणून प्रकाशच्या कारखान्यातला लाल धागा बांधायचा.

आठवड्याभरात तात्यांचा वेल कोमेजला. आधी पानं लोंबली, मग देठ सुकला. तात्या दोन दिवस जेवले नाहीत धड. "आता संपलं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "नाही तात्या, संपलं नाही! पराग चिबडावर पोचलाय!" आणि खरोखरच, लाल धाग्याच्या चार फुलांखाली बोराएवढी फळं धरली होती. तात्यांची अख्खी वाडी आता त्या चार फळांत होती.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या हंसाबेनचं डोकं वर आलं.

"टीचरबेन! रोज सकाळी न्हाऊन, लाल धागा... आ कयुं व्रत छे?"

माझ्या दातांत धागा होता, शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं होती. मी नुसतं "हं" म्हटलं.

हा एक "हं" मला फार महागात पडला!

हंसाबेनच्या भाच्याचा व्हिसा कधीपासून अडकला होता. मी शाळेत गेल्यावर त्यांनी येऊन वेलाला एक लाल धागा बांधला. चौथ्या दिवशी व्हिसा आला! झालं. शनिवारी मी उठले तर परसात सात बायका, उदबत्तीचा धूर आणि वेलाच्या प्रत्येक देठाला लाल धागा! फुलांना, पानांना, पिंपाच्या कडीला, इतकंच काय, झोपेतून उठून स्टुलावर बसलेल्या तात्यांच्या मनगटालासुद्धा!

"तात्या, तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?"

"मी काय बोलणार? त्या मला नमस्कार करून राहिल्या होत्या."

नशिबाने फळं चारच टिकली आणि ती माझीच होती. माझी गाठ दुहेरी असते. एप्रिलच्या शेवटी ती पिवळी झाली. शाळेत मी प्राचार्य सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की सिल्वासाचं नाव आता फळबाजारात गाजणार. सर म्हणाले होते, "मला पहिली फोड हवी." पण पहिली फोड तात्यांची. एका सकाळी आम्ही एक फळ कापलं. तात्यांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. मी सुरी हातात धरून उभी.

"गूळ आण," तात्या म्हणाले.

शुद्ध, अस्सल, गुहागरी चिबूड! गोडीचा मागमूस नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "फसलं सगळं," मी प्रकाशला म्हटलं. "काय करायचं ते कर त्या फळांचं." आणि पर्स उचलून शाळेत गेले.

शेवटच्या तासाला दहावीवर आनुवंशिकतेचा धडा होता. मी नेहमीच्या आवाजात शिकवत होते: "मुलांनो, लक्षात ठेवा, परागीकरणानंतर जे फळ तयार होतं त्याचा गर हा आईचाच असतो. वडिलांचे गुण असतात बियांमध्ये. ते दिसतात पुढच्या..."

एकोणीस वर्षं मी हे वाक्य म्हणते आहे! एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदा ऐकलं!

"स्वाध्याय वाचा!" असं ओरडून मी बाहेर पळाले आणि प्रकाशला फोन लावला. "बिया कुठे आहेत?"

"कसल्या बिया?"

"फळांतल्या! तात्यांच्या!"

"हंसाबेन प्रसाद मागत होत्या. मी सगळं देऊन टाकलं, कापलेल्यासकट. तूच म्हणालीस ना, फसलं."

स्कूटर मी कशी चालवली ते मला माहीत नाही. वाटेत दोघांनी घाबरून रस्ता सोडला आणि मला सलाम केला एवढं आठवतं. हंसाबेन हसतमुखाने दारात आल्या. फळं कापून नऊ घरी वाटली होती. "अने बिया?" मी गुजरातीत घुसले. त्यांनी कौतुकाने बरणी पुढे केली. फळांतून सुटलेल्या बिया धुऊन, मीठ लावून, भाजून त्यांनी मुखवासात घातल्या होत्या!

"चाखून बघा, टीचरबेन. एकदम क्रिस्पी!"

मी त्या पायरीवर बसलेच. मग उठले, आणि तात्यांना घेऊन नऊ घरांचे दरवाजे ठोठावले. माझा प्रश्न एकच होता. "तुम्ही बिया गिळल्यात की थुंकल्यात?"

अशा प्रश्नाला सभ्य माणसं काय उत्तर देणार? एक बाई लाजून आत गेल्या. एकीने सांगितलं, "आमच्या यांनी बियांसकट खाल्लं आणि पाहुण्यांना घेऊन वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेले." म्हणजे तो ऐवज सिंहांच्या दिशेने गेला होता! तिसऱ्या घरातल्या कचऱ्याच्या डब्यात मात्र तीन बिया सापडल्या. मी शाळेच्या साडीत, हात कोपरापर्यंत डब्यात, आणि तात्या मागून, "डाव्या बाजूला बघ बेटा, चहापत्तीखाली!" असं करत सहा घरांत मिळून नऊ बिया जमल्या. शेवटी हंसाबेनचे सासरे रमणकाका राहिले. ते ओट्यावर झोपाळ्यावर बसले होते. तोंडात एकही दात नाही, त्यामुळे बी चावायचा प्रश्नच नव्हता.

"काका, बिया?"

काकांनी भिंतीच्या कडेला, मोरीचं पाणी जातं तिकडे बोट केलं. "फुर्रर्र!" ते अभिमानाने म्हणाले.

मी त्या चिखलात अर्धा तास शोधलं. काही मिळालं नाही. जाऊ दे, म्हटलं. नऊ पुरेत.

त्या नऊ बियांना मी जे जपलं, तसं कुणी राजपुत्रालाही जपलं नसेल! गाळलेली माती, शेणखत, तांदळाचं धुवण, उन्हात पडदा. सहा उगवल्या. पाऊस लागला तरी तग धरून राहिल्या. (आई म्हणाली, "बघ, चिबूड पावसातच येतं." मी फोन ठेवला.) जुलैत दोन फळं पिकायला आली. प्राचार्य सरांना रविवारी घरी बोलावलं. ते पांढरा शुभ्र शर्ट घालून आले. फळ टेबलावर मधोमध ठेवलं. सर वास घ्यायला वाकले आणि...

फट्!

पिकलं की फुटायचं, हा चिबडाचा गुण अगदी चोख उतरला होता. सर रुमालाने चष्मा पुसत राहिले, मी शर्टावरच्या बिया वेचत राहिले. (तोवर मला बिया वेचायची सवयच झाली होती.) दुसरं फळ घाईने कापलं. सरांनी घास घेतला. बराच वेळ चघळला.

"प्रकृतीला चांगलं असेल," ते म्हणाले.

खरबुजाचा वास आणि चिबडाची गोडी! मी जे मागितलं होतं त्याच्या बरोबर उलट. तात्या उठून माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याने मला जास्तच रडू आलं.

तेवढ्यात भिंतीवर हंसाबेनचं डोकं उगवलं. "टीचरबेन, आमच्या मोरीपाशी एक टेटी आली आहे, आपोआप. कापली. तुम्ही पण घ्या."

टेटी म्हणजे गुजरातीत खरबूज. ताटली भिंतीवरून आली आणि तिच्याआधी वास आला! चिबडाचा, आमच्या अंगणातला, घरभर पसरणारा. तात्यांनी एक फोड उचलली. तोंडात टाकली. थांबले. त्यांनी दुसरी उचलली, मग तिसरी, मग ताटलीच मांडीवर घेतली. रस हनुवटीवरून ओघळत होता आणि डोळ्यांतून पाणी.

"बाबाची वाडी," ते म्हणाले. "अनघा, बाबाची वाडी आहे ही! आणि वर तुझा वास!"

मी उडीच मारली! प्रकाशने, हंसाबेनने, अगदी डाग पडलेल्या शर्टातल्या सरांनीही टाळ्या वाजवल्या. मोरीच्या चिखलात, पिशवी नाही, शेणखत नाही, धागा नाही, अशा ठिकाणी तात्यांचं खरबूज परत आलं होतं. या वेळी बिया मी स्वतः मोजून डबीत भरल्या.

नावाचा वाद मात्र चिबूजवरही मिटला नाही आणि खरबूडवरही. सगळी डोकमर्डी त्या फळाला 'रमणकाकानी टेटी', म्हणजे रमणकाकांची टेटी, म्हणते. पुढच्या आठवड्यात प्राचार्य सरांनी दहावीच्या मुलांसाठी शाळेत खास व्याख्यान ठेवलं. वक्ते रमणकाका. ते गुजरातीत बोलले, भाषांतर मी केलं. बी कुठल्या कोनात, किती जोराने थुंकायची हे त्यांनी करून दाखवलं, आणि मुलांना नीट कळावं म्हणून फळ्यावर मी आकृती काढली: फुलाची नाही, फळाची नाही, रमणकाकांच्या तोंडाची. बाणासकट!