तेलाखालचा चेहरा

नातसुनेने काल शेगडीची तेलकट जाळी सोड्याच्या गरम पाण्यात घातली, आणि त्या उग्र वासासरशी मला सासूबाई आठवल्या.

१९३०च्या सुमाराची गोष्ट. दाभोळच्या खाडीवर डोंगरात कोरलेलं एक जुनं देऊळ होतं. आतल्या दगडी मूर्तीला सारा गाव 'बाबा' म्हणे. माझ्या विधवा सासूबाई तिला रोज तेल घालत. अंगावर तेलाशेंदराचा बोटभर थर, आणि त्यावर डकवलेले चांदीचे डोळे.

मग रत्नागिरीहून पुराणवस्तू खात्याचे एक साहेब आले. म्हणाले, "ही बुद्धाची मूर्ती आहे. आसपासच्या जुन्या मूर्ती आणून इथे संग्रहालय करणार." सासूबाईंनी निदान संध्याकाळच्या दिव्याची परवानगी मागितली. साहेब हसले. "आधी तुम्ही केलेली घाण काढा, मग बघू."

दिवसभर सासूबाई सोड्याच्या कढत पाण्याने मूर्ती घासत होत्या आणि मी पाणी ओतत होते. बोटांची सालं निघाली, तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटी चांदीचे डोळे गळून पडले आणि खालचा नितळ चेहरा उघडा झाला. साहेबांनी फोटो काढला आणि दाराला कुलूप लावलं.

"दिवा?" सासूबाईंनी विचारलं.

"काजळी धरते," साहेब म्हणाले.

आज लोक त्या चेहऱ्याची शांती वाखाणतात. त्या संध्याकाळी मात्र मी सासूबाईंना पेज भरवत होते. सोललेले हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "त्याचं डोळं मिटलेलं व्हतं गो. म्हंजे इतकी वर्सं तो माज्याकडं बगतच नव्हता?"

ध्यान म्हणजे काय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मी पुढचा घोट त्यांच्या तोंडाशी नेला.