विमानवाल्यांची पानं

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून वरंध घाटाच्या एसटीत बसले. निघताना आईला म्हटलं, "पोलादपूरकडे चाललेय, विमानाची जागा बघायला." कुठलं विमान, हे तिने विचारलं नाही. आमच्या घरी विमान एकच. वडील दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत विमानात बिनतारी यंत्रावर होते. मी पाळण्यात असताना त्यांचं विमान गेलं ते गेलंच. कुठे पडलं, कुणालाच कळलं नाही. आई अजून कुंकू लावते आणि पितृपक्षात त्यांचं पान मांडू देत नाही.

कुडपणच्या डोंगरात लढाईच्या काळात पडलेल्या विमानाचा चौथरा आहे आणि अमावास्येला लोक तिथे पानं मांडतात, असं ऑफिसातल्या एका गिर्यारोहक सहकाऱ्याने सांगितलं होतं. विमान कुणाचं, हे त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, एकदा बघून यावं.

महाडला लॉजवर डासांनी रात्र खाल्ली. सकाळी पोलादपूरहून सलीमभाईंची जीप मिळाली. हे बारा वर्षं आखातात ट्रक चालवून परतलेले. चढणीच्या मध्येच त्यांनी गाडी थांबवली.

"मॅडम, पुढं नाय जायची."

"वाळवंटात चालवलीत ना?"

"वाळू परवडली. हा कुडपणचा चिखल हाय, ह्याला लायसन चालत नाय!"

उरलेली चढण पायी. दोनदा घसरले, एक चप्पल तुटली. वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) धुकं आणि तेरड्याची गुलाबी फुलं. मध्ये दगडी चौथरा, त्यात उभा रोवलेला विमानाचा वाकडा पत्रा, चुना फासलेला. पुढे केळीची तीन पानं वाढलेली: भात, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर. वाढत होत्या गावातल्या पार्वतीबाई. यंदा पाळी त्यांच्या घराची होती. आपल्या शिवेत (गावाच्या हद्दीत) मेलेला माणूस उपाशी राहू नये, म्हणून पाळी लावलेली.

वाढून झाल्यावर त्या लगेच डबे आवरू लागल्या.

"कावळा शिवायची वाट नाही बघत?" मी विचारलं.

"ते गोरे गो बाय. त्यांना कावळ्याची रीत कुठं ठावं? आमटीत तिखटबी कमीच घालतो."

"गोरेच होते? नक्की?"

"माज्या सासऱ्यानी खांदा दिला. तिघंबी गोरे, पोरसवदा. का गो, तुजा कोन होता?"

मी चौथऱ्याच्या कडेला बसले. एवढ्या चढणीने धाप लागतेच.

"वडील. पण हे नव्हेत. ते कुठे पडले, माहीत नाही."

"मग त्यांना आज कोन वाढतंय?"

"कुणी नाही. आई मांडू देत नाही."

पार्वतीबाईंनी पिशवीतून आणखी एक पान काढलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "आईचं म्हननं घरात. हितं ती कुठं बघतेय?"

पान मांडलं म्हणजे माणूस गेला हे मान्य केलं. मी पान घेऊन उठले. मग तिघांच्या शेजारी मांडलं आणि माझ्या हाताने भात वाढला.

"तुजा देशी हाय," पार्वतीबाई खाली बसत म्हणाल्या, "आता कावळ्यासाठी थांबाया पायजे."

धुक्यात कावळा यायला दुपार झाली. सलीमभाई खाली हॉर्न वाजवून कंटाळले असणार.

घरी परतल्यावर आईला सगळं सांगितलं, चौथ्या पानाचंही. ती चिडेल म्हणून तयारीतच होते. तिने एवढंच विचारलं:

"वाढलं काय काय?"

मी सांगितलं.

"भातावर तूप?"

"नव्हतं."

"तुपाशिवाय ह्यांना भात जात नाही. पुढच्या वर्षी कढवून देते. त्या तिघांनाही वाढ."

वडिलांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही टोपीतला; त्यावरून माणूस कळत नाही. भातावर तूप लागायचं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.