खटखटताईंचा पासवर्ड

आमच्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात सगळ्यांचे हात माऊसवर, एकट्या ताईंचे कीबोर्डवर. रंगीत खिडक्या आणि बटणं यांच्याशी त्यांचं कधी जमलं नाही. काळा पडदा उघडायचा, सर्व्हरचं नाव, स्वतःचं नाव, डेटाबेसचं नाव एका ओळीत टाइप करायचं आणि थेट आत शिरायचं. कीबोर्ड असा बडवायच्या की माघारी आम्ही त्यांना खटखटताई म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. माझी जीभ तेव्हा फार सुटलेली होती.

पासवर्ड टाकताना त्या काळ्या पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. तिथे मात्र ताई हळू व्हायच्या. एकेक अक्षर दाबायच्या आणि ओठ हलायचे.

"ताई, पाढे म्हणताय का?" मी विचारायचो. त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत.

सर्व्हर दोन होते. एक खरा, दुसरा सरावाचा. सरावाच्या सर्व्हरवर सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदींची नक्कल असायची, नवख्यांनी तिथे हवा तो गोंधळ घालावा. पूर्वी दोन्हीकडे पासवर्ड एकच होता. बारा वर्षांपूर्वी ताईंनी सरावाचा समजून खऱ्या सर्व्हरवरच 'कोणतं औषध चालत नाही' हा रकाना पुसला. चाळीस मिनिटांत सगळं परत आणलं, पण तेवढ्यात सात नंबरच्या खाटेवरच्या बाईला नको ते इंजेक्शन दिलं गेलं. ती गेली. अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहिलं, ताईंना कुणी शब्दानेही बोललं नाही. त्यांनी स्वतःच दोन्ही पासवर्ड वेगळे केले. हे सगळं मला जुन्या लोकांकडून कळलं होतं, आणि कळूनही माझी थट्टा थांबली नव्हती.

एका सकाळी वॉर्डांमधल्या संगणकांवरचा प्रोग्राम बंद पडला. ऑपरेशन थिएटरमधून सिस्टर धावत आल्या.

"अपघाताचा पेशंट आहे, शुद्धीवर नाही. आपला जुना पेशंट, गेल्या महिन्यातही इथेच होता. त्याला काय चालत नाही ते सांगा, डॉक्टर खोळंबलेत."

ताईंनी ओळ टाइप केली, पासवर्ड टाकला. सर्व्हरने नाकारला. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारला.

"अहो, घाईत चुकतंय तुमचं!" मी ओरडलो आणि मध्ये हात घालून मला ठाऊक असलेला एकच, सरावाचा पासवर्ड ठोकला. चालला! पेशंटचं नाव सापडलं, पुढचा रकाना रिकामा.

"काही नाही सिस्टर, सगळं चालतं!"

ताईंनी सिस्टरचा हात घट्ट धरला. "थांबा. हा खरा नाही."

"पण नाव तर आलंय ना!"

"माझ्या हातून तो पासवर्ड चुकत नाही रे. सर्व्हर चुकलाय."

आदल्या दिवशी सर्व्हर हलवताना कुणीतरी खऱ्याच्या नावाला सरावाचा पत्ता जोडून ठेवला होता. ताईंनी नावाऐवजी खऱ्या सर्व्हरच्या पत्त्याचे आकडेच टाकले. मग पासवर्ड, तसाच हळू, ओठ हलवत. या वेळी सर्व्हरने आत घेतलं. गेल्या महिन्याची नोंद समोर आली: पेनिसिलिन चालत नाही. सिस्टर पळत सुटल्या. माणूस वाचला.

मी ताईंकडे वळलो. "ताई, चुकलो मी."

"आधी पाणी पी," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. एका बाईचं पूर्ण नाव होतं, आणि त्यापुढे सातचा आकडा.

मी वर बघितलं. ताई खुर्ची आत सरकवत होत्या. "माझ्यानंतर बदललास तरी चालेल," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं, रोज सकाळी, आमच्या सगळ्यांच्या देखत त्या हे नाव घेत होत्या, आणि मी पाढे म्हणून हसलो होतो. त्याची लाज अजून जात नाही.

नियमाप्रमाणे मी तो पासवर्ड बदलायला हवा होता. नाव इथे लिहीत नाही, कारण तो अजून तोच आहे. टाकताना आता माझे ओठ हलतात.