चेनवाल्या मशीनवरचे माझे दोनशे तास

“अरे थांबव रे बाबा, घड गेला ना माझा!” केळीच्या ओळीतून काकू ओरडत आल्या, त्यांच्या मागून उस्ताद, आणि मी केबिनमध्ये दोन्ही लिव्हर धरून असा बसलो होतो, जणू ते झाड आपणहूनच बकेटखाली येऊन निजलं.

आज लोधीपुऱ्यात आमच्या दारासमोर पाइपलाइनसाठी गल्ली खणतायत. ओल्या मातीत मिसळलेला गरम हायड्रॉलिक तेलाचा वास खिडकीतून आत आला आणि दापोऱ्याचा तो काकूंचा मळा जसाच्या तसा समोर उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांचा होतो मी. बाबांनी शब्द टाकून मिळवून दिलेलं कागदाच्या मिलमधलं काम सोडून तीन महिने खकनारच्या रस्त्यावर बॅकहो शिकलो होतो, म्हणजे पुढे सूप आणि मागे सोंड असलेलं ते चाकांचं मशीन. तेव्हापासून बाबांचं माझ्याशी बोलणं ‘मीठ दे’ एवढ्यावर आलं होतं. काकूंच्या मळ्यातलं काम घेतलेल्या उस्तादांनी आपल्या मशीनवर सीट दिली तर मी ऑपरेटर; नाही तर पुन्हा मिलचं गेट, आणि तेही बाबांच्याच पाळीत.

उस्ताद म्हणजे काय माणूस होता! बकेटच्या दाताने म्हशीच्या पाठीवरची माशी उडवत आणि म्हशीला पत्ता लागत नसे. हे मी पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच झालंय. त्यांच्याकडे मात्र होतं चेनवालं मशीन, रणगाड्यासारखं लोखंडी पट्ट्यांवर चालणारं. “चेनवर कितने घंटे बसलास?” त्यांनी विचारलं. “दोनशे तर असतील, उस्ताद.” एकही नव्हता.

दोन्ही मशीनचे लिव्हर दिसायला सख्खे भाऊ. पण आमच्या बॅकहोवर उजवा लिव्हर पुढे ढकलला की सोंड लांब होई. चेनवाल्यावर तोच ढकलला की सोंडेसकट अख्खा बूम, म्हणजे सोंड पेलणारा जाडा दांडा, खाली बसे. केळीच्या दोन ओळींमधून पाइपासाठी नाली काढायची होती. पाऊण तास मी एकेक हालचाल मनात घोकत केली. नाली दोरीने आखल्यासारखी निघाली. मग जरा मजा वाटू लागली, आणि तेव्हाच डोक्याला न विचारता हात आपल्या सवयीने चालू लागले. माती ओळीपलीकडे टाकायला उजवा लिव्हर ढकलला, आणि बूम थेट लोंबत्या घडावर बसला. हात सावकाश शिकतात आणि त्याहून सावकाश विसरतात. पुढे इतकी वर्षं चेनवर काढली, तरी स्वप्नात मी अजून बॅकहोच चालवतो.

काकू पडलेल्या घडाशी बसून फण्या चाचपत होत्या. मी उतरलो. दोष लिव्हरवर, उतारावर, अगदी उन्हावरही ढकलता आला असता. असं ढकलण्यात माझा हात तेव्हाही बसलेला होता. पण तोंडातून निघालं एवढंच, “उस्ताद, चेनवर मी आज पहिल्यांदा बसलो.”

उस्तादांनी नालीच्या टोकापर्यंत नजर नेली आणि परत आणली.

“दिसलं ते. घड काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेव. उद्या सातला ये, चेनमधली माती काढायची असते.”