बैलाची संमती

मरणाच्या बाजूने इतकं बोलणारा माणूस उभ्या वसईत दुसरा झाला नाही, आणि मारायच्या कामात इतका नालायक माणूसही झाला नाही. हे आमचे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मोठे मामा. सांडोरला केळीची वाडी, विहिरीवर रहाट, रहाटाला एक बैल आणि घरात मामी, एवढा त्यांचा संसार. सगळी नोकरी कोर्टात बेलीफ म्हणून झाली. कायदा त्यांनी कधी वाचला नव्हता, फक्त दारोदार पोहोचवला होता. पण तेवढ्यावर तो आपल्या घरचाच आहे असं ते धरून चालत.

एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं. असाध्य दुखण्यातून माणसाला सोडवायची डॉक्टरला मुभा असावी की नाही, यावर वर्तमानपत्रांत हमरीतुमरी चालली होती. मामांनी दयामरणाचा पक्ष घेतला आणि आमचं जिणं अवघड केलं. बाप्तिस्म्याच्या जेवणालाही तोच विषय, साखरपुड्यालाही तोच. रविवारची मिस्सा सुटली की चर्चसमोरच्या चिंचेखाली ते फादरना गाठत. "फादर, जीव देवाचा, कबूल. पण समन्स लागू झाल्यावर पक्षकाराला वर्षानुवर्षं दारात ताटकळत ठेवायचं, हा कुठला न्याय?" फादरही काही कमी नव्हते. ते म्हणत, "समन्स त्याचं, बेलीफही त्याचाच. तुम्ही तर रिटायर झालात ना?" मग मामा आठवडाभर धुमसत आणि पुढच्या रविवारी नव्या दमाने हजर.

मी चंदनसारला नुकताच दवाखाना टाकला होता, त्यामुळे मी त्यांना आयताच सापडलेला साक्षीदार. ताटात कोळंबीचं कालवण पडायचा अवकाश, उलटतपासणी सुरू. "जावईबापू, मी अंथरूण धरलं तर नळ्याबिळ्या घालायच्या नाहीत. शब्द द्या." मी "आधी अंथरूण तर धरा" म्हणून भाताकडे वळत असे. चुलीपाशी बसलेली मामी ओरडे, "जेवू द्या त्यांना! नायतर मीच सोडवीन तुमाला एक दिवस, कायदा यायच्या आदी!"

आणि हाच माणूस नाताळचा कोंबडा कापायला बसला की त्याचे हात लटपटत. एका नाताळला कोंबड्याचे पाय धरून त्यांनी त्याला बराच वेळ समजावलं, आणि मग सोडून दिलं. तो पुढे म्हातारा होऊन गेला. त्या नाताळला आम्ही सुक्या बोंबलावर सण साजरा केला.

पण खरी कसोटी बैलाने पाहिली. विहिरीवर विजेचा पंप बसला आणि रहाट ओढून थकलेला बंड्या गोठ्यात बसला तो बसलाच. मागचे पाय गेले. जनावरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, एक इंजेक्शन देतो, सुटेल बिचारा. मामांच्या मनासारखी केस, ती पण घरात! डॉक्टरांनी बॅग उघडली तोच मामा आडवे आले. "थांबा. संमती?"

"कुणाची?"

"पक्षकाराची."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी गोठ्याच्या छपराकडे. मामांनी घरातून सुकेळं आणलं. वाडीतलीच केळी उन्हात वाळवून सुकेळी करायची, ही मामीची दर वर्षीची धांदल. पाहुण्यालासुद्धा ती मोजून देई. ते सुकेळं मामांनी बंड्याच्या तोंडापुढे धरलं. बंड्याने जीभ काढून ते ओढून घेतलं आणि डोळे मिटून चघळलं. "अर्ज फेटाळला," मामांनी निकाल दिला. मग रोजचाच तो शिरस्ता झाला. सकाळी सुकेळं पुढे करायचं, बंड्याने खायचं, मामांनी अर्ज फेटाळायचा. मामी बोंबलत राहिली, "माजी सुकेळी संपली, पन ह्याचा निकाल लागत नाय!"

एका सकाळी मात्र बंड्याने तोंड फिरवलं. मामांनी पुन्हा धरलं, त्याने पुन्हा फिरवलं. डॉक्टरांना बोलावणं गेलं. मीही योगायोगाने तिथेच होतो. डॉक्टर बॅग उघडणार, तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, "बॅग राहू द्या. चहा ठेवलाय, ओटीवर बसा." आणि स्वतः गोठ्यात शेणात मांडी घालून बंड्याच्या मानेवर हात ठेवून बसले. दुपारपर्यंत बंड्या गेला. मागाहून मी त्यांना छेडलं, "मामा, संमती मिळाली होती. मग इंजेक्शन का नाही?" ते एकदम चिडले. "त्यानं जायची संमती दिली. ढकलायची नव्हे." पुढच्या रविवारी चिंचेखाली त्यांनी इंजेक्शनचीच बाजू घेतली आणि फादरना घाम फोडला.

मग मामांनाच अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. त्या घरात वाचा जाणं म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. दवाखान्यात जायच्या आधी मी रोज सांडोरला चक्कर टाकी. मनात एकच धाकधूक, तो शब्द. मी तो कधी दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मामीने मला एका अक्षराने विचारलं नाही. ती रोज सकाळी सुकेळं दुधात कुस्करून चमचा पुढे धरी. मामा तोंड उघडत. "अर्ज फेटाळला," मामी म्हणे, आणि मामांचा अर्धा चेहरा हसे.

त्या सकाळी चमचा पुढे आला आणि मामांनी ओठ मिटून घेतले. मामीने थोडं थांबून पुन्हा धरला. त्यांनी मान वळवली, पण नजर शांत होती, आणि ती माझ्यावर होती. मी सवयीने बॅग उघडून नळी आणि सलाइनची बाटली बाहेर काढली. मामीने वाटी खाली ठेवली.

"जावईबापू, बॅग राहू द्या," ती म्हणाली. "चहा ठेवलाय, ओटीवर बसा."

बाटली परत बॅगेत ठेवून मी बाहेर आलो. दारातून दिसत होतं, मामी खाटेवर बसली होती आणि तिचा हात मामांच्या मानेवर होता.