मोबाईलची पिशवी

मार्गासनीत रेशनच्या मशीनवर कुणाचा अंगठा उमटला नाही, कुणाचा सातबारा उघडला नाही, की वीजबिल भरताना मोबाईलवर चक्र नुसतंच फिरत राहिलं, तर खापर थेट रोहिदासच्या पोरीवर फुटायचं. "नूतननं आज बंद ठिवलंय व्हय रं?" असं लोक रोहिदासला रस्त्यात अडवून विचारायचे. पोरगी सरकारच्या कॉम्प्युटरात कामाला आहे, एवढंच गावाला माहीत. सरकार एक, कॉम्प्युटर एक आणि त्यात बसलेली नूतन एक, असा सरळ मामला. सुरुवातीला रोहिदास समजावून सांगायचा की बाबांनो, तिचं काम वेगळं. मग कंटाळला. हल्ली तो "सांगतो तिला" म्हणतो आणि बैलांमागून निघून जातो.

खरं म्हणजे नूतन एका कंपनीत कंत्राटावर होती आणि ती कंपनी एका सरकारी खात्यासाठी 'गोठा' नावाचं ॲप चालवत होती. गुरांची नोंद, आजारी जनावराची तक्रार, लसीची मागणी, सगळं त्यात. भोरला कॉलेज करून पुण्याला गेलेली ही पोरगी प्रोग्रॅम लिहिण्यात तरबेज आणि स्वभावानं तिखट. चूक दिसली की तिला राहवायचं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती वाढप्याला थांबवून सांगायची, "दादा, या रांगेला दोनदा भात आला आणि पलीकडची माणसं कोरडी बसलीत." आई पदर तोंडाला लावायची. आठवड्यातले काही दिवस ती गावी येऊन माळ्यावर बसून काम करायची. खाली आई तांदूळ पाखडायची आणि वर ही मीटिंगमध्ये मोठमोठ्या लोकांशी भांडायची. ते भांडण नसतं, चर्चा असते, असं तिचं म्हणणं. आवाज मात्र ओढ्यापर्यंत जायचा.

'गोठा' नवं होतं तेव्हा त्यात दलाल घुसले होते. एकच माणूस गावभरच्या नावांनी मागण्या भरायचा, नंबर स्वतःचा द्यायचा आणि डॉक्टर आला की शेतकऱ्याकडून वर पैसे उकळायचा. नूतनला ते कळलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं एक चाळणी लिहिली. एका मोबाईल नंबरावर एकच मालक. दुसऱ्यानं तोच नंबर दिला की मागणी बाजूला पडायची आणि तिच्यावर 'संशयास्पद' असा लाल शिक्का बसायचा. दलालांची तोंडं बंद झाली. शेफाली मॅडम, म्हणजे तिच्या वरिष्ठ, यांनी भर मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. नूतनला ते मनापासून आवडलं, आणि का आवडू नये? कष्टाचं कौतुक कुणाला कडू लागतं?

यंदा खोऱ्यातली भातं पिवळी पडायला लागली आणि लंपीची बातमी आली. आधी सारोळ्याच्या बाजूला एका बैलाच्या अंगावर गाठी दिसल्या, मग कापूरहोळच्या अलीकडं. ताप, सुजलेले पाय, वैरणीला तोंड न लावणं. रोहिदास रोज सकाळी बैलांच्या पाठीवरून हात फिरवून बघायला लागला. खात्यानं वेल्ह्याच्या खोऱ्यात लस टोचणारी टीम पाठवली. यादी 'गोठा'तून निघायची आणि यादीतल्या जनावरांपुरतीच लस बर्फाच्या पेटीतून यायची. शनिवारपर्यंत टीम या खोऱ्यात राहणार होती, नंतर ती भोरकडं जाणार होती.

मंगळवारी कमळाबाई आली. ती वरच्या धनगरवाड्यावरची. दर मंगळवारी तूप आणि खवा घेऊन डोंगर उतरायची आणि रोहिदासच्या ओट्यावर टेकून चहा घेतल्याशिवाय पुढं जायची नाही. आज तिनं चहाकडं बघितलंही नाही.

"नूतन, तुझ्या त्या यंत्रात आमी मेलो का गं?"

"असं काय बोलता मावशी? काय झालं?"

"लसवालं खालच्या वाडीपतूर आलं. म्हनलं, वरचं एकच घर हाय यादीत, एका घरापायी कोन डोंगूर चढनार? गेलं माघारी. अकरा घरं हायेत आमची. समद्यांची नावं भरल्याती आमी."

नूतननं तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडला. वरच्या धनगरवाड्याची पहिली मागणी हिरवी होती आणि खाली एकाखाली एक लाल शिक्के. अकराही घरांचा नंबर एकच. नंबराचा मालक म्हादू. नूतनच्या कपाळाची शीर उठली. दलाल आता धनगरवाड्यापर्यंत पोचले म्हणायचे!

"मावशी, हा म्हादू किती पैसे घेतो तुमच्याकडून?"

कमळाबाईनं तुपाचा डबा खाली ठेवला. "म्हादू? आमचा गुराखी हाय त्यो. साऱ्या वाडीची गुरं राखतोय. पैसं कशाचं घील?"

"मग सगळ्यांच्या नावापुढं नंबर त्याचाच कसा?"

"मंग कुनाचा देनार?" कमळाबाईनं असं काही विचारलं की जणू नूतननं विहिरीत पाणीच का असतं असं विचारलं होतं. "तुला हितं बसून न्हाई कळायचं. उद्या वर ये."

नूतन गेली, पण खरं सांगायचं तर ती म्हादूला रंगेहाथ पकडायला गेली. भोळ्या माणसांना दलाल देवमाणूस वाटतो हे तिनं ऐकलेलं होतं. डांबरी संपली तिथं तिनं स्कूटर लावली आणि पायवाटेनं चढायला लागली. निम्म्या वाटेवर मोबाईलची रेंज गेली.

धनगरवाड्यावर धारा आटपल्या होत्या आणि गुरं सोडायची तयारी चालली होती. गोठ्यांच्या मधोमध एक वाळक्या काटकीसारखा म्हातारा उभा होता, डोक्याला मुंडासं, खांद्याला घोंगडी, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. हाच म्हादू. घराघरातून बाया आल्या आणि एकेक करून त्या पिशवीत काहीतरी टाकायला लागल्या. नूतन पुढं झाली. मोबाईल होते. सगळे बटणांचे, एखाद्याला रबर लावलेलं. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली, म्हणजे कुठला कुणाच्या घरचा ते कळावं.

"हे काय?"

"हितं कुठं रेंज हाय?" कमळाबाई म्हणाली. "वर सड्यावर येती. गुरांसंगं मोबाईल बी चरायला जात्यात आमचं. दिसभर मेसेज खात्यात आन् सांजच्याला घरी येत्यात."

बाया हसल्या. नूतनला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. चौकशीला आलेल्या माणसानं हसून कसं चालेल? ती म्हादूच्या मागोमाग सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ माळावर, गेली.

सड्यावर वारा होता आणि समोर राजगडाच्या माच्या उन्हात उघड्या पडल्या होत्या. गुरं पांगली. म्हादूनं पिशवी एका खडकावर ठेवली आणि कनवटीचा स्वतःचा मोबाईल काढून तिच्याशेजारी ठेवला. वाडीतला एवढा एकच टचचा फोन. यावरूनच त्यानं सगळ्यांच्या मागण्या भरल्या होत्या, आणि तेही प्रत्येक घरच्या गुरांच्या कानातले पिवळे बिल्ले नीट बघून. नूतन विचारतच होती, तेवढ्यात पिशवीत एक फोन वाजायला लागला. म्हादू हलला नाही. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजला.

"मामा, उचला की."

"माझा न्हाई त्यो. कमळाबाईचा हाय."

"पण महत्त्वाचा असला तर?"

"आसंल की. सांजच्याला सांगीन तिला, दोन डाव वाजला म्हनून." म्हादूनं तिच्याकडं बघितलं. "पोरी, घरात कुनी नसताना आपन दुसऱ्याच्या घरात शिरतो का? ज्यो पिशवी नेतो त्यानं दुसऱ्याचा फोन उचलायचा न्हाई. पहिल्यापासनं हाय तसं."

 नूतननं हळूच विचारलं, "म्हणून तुमचा नंबर?"

"मंग? डाक्टर फोन करनार, येतो म्हनून सांगनार. कमळाबाईचा लंबर दिला तर त्यो पिशवीतच वाजनार. माझा दिला तर म्या उचलीन, खाली निरोप दीन. सोपं हाय."

सोपं होतं. इतकं सोपं होतं की नूतनला लाज वाटली आणि भरूनही आलं. दुसऱ्याच्या फोनला हात न लावणाऱ्या माणसावर तिच्या चाळणीनं लाल शिक्का मारला होता. मार्गासनीच्या माळ्यावरून हा सडा रोज दिसायचा, आणि तिथल्या वाडीला रेंज आहे का हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. ती तिथंच खडकावर बसली, आणि म्हादूनं तिला पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं. रोहिदासला त्यात अवघड काहीच दिसलं नाही. "तुझ्याच हातात हाय न्हवं? दाब बटन. अकरा घरं हिरवी कर. कुनाला कळनार हाय?"

कुणाला कळलं नसतं हे खरंच. नूतननं लॅपटॉप उघडला आणि शोधत गेली. वेल्ह्याच्या वरच्या वाड्या, भोरकडच्या घाटमाथ्यावरच्या वाड्या, जिथं जिथं डोंगर उंच तिथं तिथं लाल शिक्के. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हादू असणार.

"नाही आप्पा," ती म्हणाली. "ओळखीच्या वाडीचं गुपचूप करून दिलं, तर मग मीच दलाल की."

रोहिदास बैलांना पेंड टाकायला उठला. जाताना म्हणाला, "मग भांड. तुला येतं ते."

गुरुवारच्या मीटिंगमध्ये ती भांडली. आधी तिनं सरळ सांगून टाकलं, की माझी चाळणी चुकली. तेही कौतुक झालेल्या जागीच.

"नूतन, तूच ती लिहिलीस," शेफाली मॅडम म्हणाल्या. "आता ती काढली तर दलाल परत येतील. तेही म्हणतील, मी वाडीचा निरोप्या आहे."

"म्हणू द्या मॅडम. लस गाईला टोचायची आहे, मोबाईलला नाही. गाय गोठ्यात उभी आहे, तिच्या कानात बिल्ला आहे, मालकीण शेजारी उभी आहे. टोचणाऱ्यानं बिल्ला बघावा, मालकिणीला विचारावं कुणी पैसे मागितले का, आणि टोचावं. नंबर फक्त निरोपासाठी. त्यावरून आपण माणूस खरा की खोटा ठरवत बसलो, तेच चुकलं."

"बदल ॲपवर चढवायला आपल्याकडं दोन आठवडे लागतात, माहीत आहे ना?"

"तोवर गाठी सड्यावर पोचतील."

खाली आईचं पाखडणं थांबलं होतं. मॅडमनी पडद्यावर लाल शिक्क्यांची यादी वरखाली केली. 

"उद्या दुपारपर्यंत तपासून माझ्याकडं दे," शेवटी त्या म्हणाल्या. "खात्याशी मी बोलते. चुकलं तर दोघींचं चुकलं."

मॅडमविषयी नूतनचं मत त्या दिवसापासून बदललं. ती कामाला बसली. चाळणी काढली, तिच्या जागी वाडीवार यादी आणली आणि फॉर्मवर एक नवा प्रश्न टाकला, 'निरोप कुणाकडे द्यायचा?' शुक्रवारी दुपारी बदल वर चढला. थोड्या वेळानं सड्यावर म्हादूचा फोन वाजला आणि तो त्यानं उचलला; डॉक्टर उद्या येणार होते. त्या दिवशी गुरं लवकर घरी आली.

शनिवारी टीम डोंगर चढली, बर्फाची पेटी आलटूनपालटून खांद्यावर घेत. पाठोपाठ नूतनही. अकरा घरांतली गाईवासरं एकेक करून उभी राहिली. कानातला बिल्ला, मालकिणीला प्रश्न, मग सुई. कमळाबाईच्या पाड्यानं डॉक्टरला लाथ झाडली आणि सगळी वाडी खदखदून हसली. एकाही जनावराच्या अंगावर गाठ नव्हती. शेवटची गाय झाली तेव्हा कमळाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि डोळे पुसले, धुरानं नव्हे, कारण चूल आत होती.

उन्हं कलायच्या आत म्हादू गुरं घेऊन निघाला. पिशवी फिरली. नूतनच्या हातात तिचा मोबाईल होता आणि जीव टांगणीला लागलेला. घाटमाथ्यावरच्या बाकी वाड्यांच्या मागण्या सुटल्या का, काही बिघडलं तर नाही, मॅडमचा फोन आला तर? पण इथं तो हातात धरून तरी काय उपयोग होता? तिनं तो पिशवीत टाकला, आणि कमळाबाईनं वाढलेली नाचणीची भाकरी खाऊन ओसरीवर चक्क झोपली. कामाला लागल्यापासून दुपारची झोप तिला माहीत नव्हती.

दिवेलागणीला गुरं परतली. "तुजा तीन डाव वाजला," म्हादूनं सांगितलं. मोबाईलवर मॅडमचे मिस कॉल होते आणि खाली एक मेसेज, 'वरच्या सगळ्या वाड्या सुटल्या. भोरची यादी गेली. तू आहेस कुठं?'

नूतननं तो पुन्हा पुन्हा वाचला. मग तिच्या लक्षात आलं, मोबाईलला काहीतरी बांधलंय. हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी. कमळाबाईच्याच लुगड्याची, पिशवी निघताना तिनंच हळूच बांधलेली. ती हसत गाठ सोडायला लागली, तर कमळाबाई आतून ओरडली.

"सोडू नगंस गं! मंग म्हादूला कळायचं कसं, बारावं घर कुनाचं ते?"

नूतननं गाठ होती त्याहून घट्ट केली.